आरशावरचा सोन्याचा नॅनोकण: कपलिंग कशामुळे, आणि त्यात लेझरचा हात किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोन्याचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर (हाच आरसा), त्यावर बायफिनाइल थायॉलचा, म्हणजे गंधकाच्या टोकानं सोन्याला चिकटणाऱ्या सेंद्रिय रेणूचा, एका रेणूइतक्या जाडीचा पडदा आणि त्यावर सोन्याचे ८० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण, असा नमुना तुम्ही तयार केला. डार्कफील्ड मायक्रोस्कोपखाली, म्हणजे तिरप्या प्रकाशात फक्त कणानं विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, एकेका कणाचा स्पेक्ट्रम घेतला की दोन शिखरं दिसतात. एक ५४० नॅनोमीटरच्या आसपास असतं आणि जागचं हलत नाही. दुसरं कणागणिक बदलतं, ७५० ते ८२० च्या दरम्यान कुठेही सापडतं. त्याच कणावर ६३३ नॅनोमीटरचा लेझर काही मिनिटं ठेवला की हे दुसरं शिखर २५ नॅनोमीटर तांबड्याकडे सरकतं. धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्र डोलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात, आणि कणातलं व आरशातलं डोलणं एकमेकांशी जोडलं जाणं म्हणजे कपलिंग. याला प्रकाशानं घडवलेलं प्लाझ्मॉन कपलिंग म्हणता येईल का, आणि सिम्युलेशनमधलं शिखर मोजलेल्या शिखराशी का जुळत नाही, हे तुम्हाला हवं आहे.

आधी स्पष्ट सांगतो. ‘प्रकाशानं घडवलेलं कपलिंग’ या शब्दांत दोन दावे एकमेकांत मिसळले आहेत. प्रकाश पडला की कणातले आणि आरशातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलू लागतात, हा पहिला दावा. तो दिवा लावल्या क्षणी प्रत्येक नमुन्यात खरा असतो, त्यासाठी लेझरची गरजच नाही. प्रकाशानं त्या कपलिंगची ताकद बदलली, हा दुसरा दावा. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, आणि काही मिनिटांत सरकलेलं शिखर हा तो पुरावा नव्हे. तुमच्या वर्णनावरून मला जास्त शक्यता दिसते ती अशी की लेझरनं कणाचा तळ किंवा त्याखालची फट, म्हणजे कण आणि आरसा यांच्यातलं अंतर, कायमची बदलली आहे. असं का म्हणतो ते समजायला फटीपासूनच सुरुवात करावी लागेल.

एकटा कण फारसा गुंतागुंतीचा नाही. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रासोबत एका बाजूला सरकतात, मागे उरलेला धनभार त्यांना परत ओढतो, आणि या ओढाताणीची एक ठरावीक वारंवारता असते. मायकेल फॅरडेनं १८५७ मध्ये सोन्याच्या बारीक कणांचे लालबुंद द्रव अभ्यासले आणि गुस्ताव मी यानं १९०८ मध्ये गोल कणांचं गणित मांडलं. ८० नॅनोमीटरच्या कणासाठी पाण्यात हे शिखर ५५० च्या आसपास येतं.

आता खाली आरसा आणा. कणाच्या तळाशी धनभार गोळा झाला की आरशाच्या पृष्ठभागावर ऋणभार ओढला जातो. आरशाच्या आत कणाची एक प्रतिमाच तयार झाली असं धरून गणित करता येतं. कणातला डायपोल, म्हणजे धन आणि ऋण भाराची जोडी, उभा असेल, म्हणजे आरशाला काटकोनात, तर त्याची प्रतिमाही त्याच दिशेला तोंड करून असते. दोघं एकमेकांना बळ देतात, फटीपलीकडून ओढ लागल्यामुळे इलेक्ट्रॉनांना मागे खेचणारं बल कमी पडतं, वारंवारता उतरते आणि शिखर तांबड्याकडे जातं. डायपोल आडवा असेल तर प्रतिमा उलट्या दिशेची होते आणि दोघं एकमेकांना बरंचसं खोडून टाकतात. तुमचं ५४० चं न हलणारं शिखर आडव्या डोलण्याचं आहे आणि ८०० कडचं उभ्या डोलण्याचं. तुम्हाला ज्यात रस आहे ते सगळं या दुसऱ्या शिखरात आहे.

याची खातरजमा करायला पोलरायझर, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा ठरवणारी गाळणी, पुरेसा आहे. तिरप्या प्रकाशाचं विद्युतक्षेत्र आरशाला पूर्णपणे समांतर ठेवलं की ८०० कडचं शिखर जवळजवळ मावळायला हवं, आणि ते क्षेत्र उभ्या दिशेकडे वळवलं की परत यायला हवं. तसं होत नसेल तर जे दिसतंय ते एका कणाचं नाही. बहुधा तिथे दोन कण चिकटून बसलेले आहेत.

त्याहून सोपी खूण आयपीसमध्येच दिसते. उभ्या डायपोलचा प्रकाश सरळ वर जात नाही, तो आरशाशी तिरका, लंबापासून साधारण ६० अंशांच्या आसपास जास्त फेकला जातो. म्हणून चांगल्या ऑब्जेक्टिव्हमधून असा कण ठिपका न दिसता मधोमध काळी पोकळी असलेलं तांबडं कडं दिसतो. फोकस किंचित पुढेमागे केला की कडं मोठंलहान होतं आणि मध्ये आडव्या डोलण्याचा हिरवा ठिपका उमटतो. हिरवा ठिपका आणि भोवती तांबडं कडं दिसलं की कण नीट बसला आहे असं मी धरतो आणि मगच स्पेक्ट्रोमीटरकडे वळतो. नुसता हिरवा ठिपका असेल तर कण आरशापासून लांब आहे, एखाद्या कचऱ्यावर किंवा वाळलेल्या क्षारावर चढून बसला आहे. सगळं नारिंगी आणि वेडंवाकडं दिसत असेल तर तो पुंजका आहे, त्यावर वेळ घालवू नका.

याच कारणानं ऑब्जेक्टिव्हची निवड फार महत्त्वाची ठरते. न्यूमेरिकल अपर्चर म्हणजे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) किती तिरका प्रकाश गोळा करू शकतो याचं माप. ०.९ न्यूमेरिकल अपर्चरचा ऑब्जेक्टिव्ह ६४ अंशांपर्यंतचा प्रकाश गोळा करतो, ०.८ चा ५३ अंशांपर्यंत आणि ०.५५ चा जेमतेम ३३ अंशांपर्यंत. शेवटच्या ऑब्जेक्टिव्हनं मोजलं तर उभ्या डोलण्याचं शिखर अकारण बुटकं दिसतं आणि कपलिंग कमकुवत आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शिवाय प्रत्येक तरंगलांबीचा फोकस थोड्या वेगळ्या उंचीवर असतो. ५४० वर फोकस करून घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये ८०० चं शिखर खचलेलं येतं. वेगवेगळ्या उंचीवर स्पेक्ट्रम घेऊन प्रत्येक तरंगलांबीसाठी तिच्या स्वतःच्या फोकसची नोंद वापरा. भागाकार करतानाही शिस्त हवी: कणाच्या स्पेक्ट्रममधून शेजारच्या रिकाम्या आरशाचा स्पेक्ट्रम वजा करायचा, आणि पांढऱ्या विखुरणाऱ्या पृष्ठभागाच्या स्पेक्ट्रममधून डिटेक्टरचा अंधारातला आवाज वजा करून त्यानं भागायचं.

आता फट. २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटानं कण आणि सोन्याचा थर यांच्यातलं अंतर टप्प्याटप्प्यानं बदलत हे सरकणं मोजून दाखवलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे: या रचनेत अंतराला जेवढं महत्त्व आहे तेवढं दुसऱ्या कशालाच नाही. अंतर कणाच्या त्रिज्येइतकं असेल तर आरशाचा परिणाम मवाळ असतो. ५ नॅनोमीटरच्या खाली तो झपाट्यानं वाढतो. १ नॅनोमीटरच्या आसपास फट ०.१ नॅनोमीटरनं बदलली तरी शिखर दहा नॅनोमीटरच्या घरात सरकू शकतं. ०.१ नॅनोमीटर म्हणजे एका अणूच्या व्यासाहूनही कमी. तुमचं शिखर ७५० ते ८२० मध्ये का पसरलंय, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

प्रकाश या फटीत किती दाबला जातो याचा अंदाज सहज काढता येतो. कणाची त्रिज्या आणि फटीचं अंतर यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. ४० गुणिले १, म्हणजे ४०, आणि त्याचं वर्गमूळ सहापेक्षा थोडं जास्त. म्हणजे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सहा-सात नॅनोमीटर रुंद आणि एक नॅनोमीटर उंच अशा जागेत एकवटतो. दाट थायॉल थरात दर चौरस नॅनोमीटरला चार-पाच रेणू असतात, म्हणजे तिथे साधारण शे-दीडशे रेणू मावतात. तुमच्या रामन सिग्नलमधला, म्हणजे रेणूंच्या कंपनांमुळे तरंगलांबी बदलून विखुरलेल्या प्रकाशातला, बहुतेक भाग त्या शे-दीडशे रेणूंचा आहे, थरातल्या बाकीच्या अब्जावधी रेणूंचा नाही. मला या रचनेचं सगळ्यात मोठं सौंदर्य यात वाटतं. काच, ऑक्साइड किंवा हवेची पोकळी वापरून दृश्य प्रकाश इतक्या छोट्या जागेत कोंडता येत नाही. इथे मात्र कण, सोनं आणि मध्ये एक थेंब रसायन एवढ्यावर ते जमतं. केंब्रिजमधल्या जेरेमी बॉमबर्ग यांच्या गटानं २०१६ मध्ये ४० नॅनोमीटरचे कण आणि कुकर्बिटुरिल या पोकळ रेणूच्या पोकळीत बसवलेले मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे रेणू वापरून ४० घन नॅनोमीटरपेक्षा कमी आकारमानात, सामान्य तापमानाला, एकेका रेणूशी प्रकाशाची मजबूत गाठ घालून दाखवली. फट नीट बांधली तर केवढं हाती लागतं याचा तो दाखला आहे.

म्हणूनच नमुन्याबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण मला तुमच्या अडचणीचं दुसरं मूळ तिथे दिसतं.

तुमचा आरसा थेट बाष्पनिक्षेपणानं केलेला आहे. अशा सोन्याच्या वरच्या बाजूला दाण्यांच्या टेकड्या असतात आणि त्यांची उंची एक ते तीन नॅनोमीटर सहज असते. फट १.३ नॅनोमीटरची आणि जमीन तीन नॅनोमीटरनं वरखाली, मग प्रत्येक कणाला वेगळी फट मिळणारच. उपाय जुना आणि खात्रीचा आहे, टेम्प्लेट स्ट्रिपिंग. स्वच्छ, गुळगुळीत सिलिकॉनवर क्रोम किंवा टायटॅनियम न लावता सोनं चढवायचं, त्यावर इपॉक्सीनं सिलिकॉनचे किंवा काचेचे छोटे तुकडे चिकटवायचे, इपॉक्सी पक्की होऊ द्यायची आणि वापरायच्या अगदी आधी तुकडा उचकटून काढायचा. सोन्याची जी बाजू सिलिकॉनला टेकलेली होती ती आता वर येते, आणि ती सिलिकॉनइतकीच सपाट असते, खडबडीतपणा अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. तुकडा काढला की लगेच थायॉलच्या द्रावणात टाका. ताजं सोनं हवेतली सेंद्रिय घाण भराभर ओढून घेतं आणि तीही फटीत जाऊन बसते. जाडीची काळजी करू नका. दृश्य प्रकाश सोन्यात पंचवीसेक नॅनोमीटरच शिरतो, त्यामुळे १०० नॅनोमीटरचा थर त्याच्या लेखी अथांग आहे.

दुसरी गोष्ट कणांवरच्या आवरणाची. एलिप्सोमीटरनं, म्हणजे परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी मोजणाऱ्या यंत्रानं, थायॉलचा थर १.३ नॅनोमीटर मोजला म्हणून फट १.३ नॅनोमीटर होत नाही. एलिप्सोमीटर मिलीमीटरभर जागेची सरासरी सांगतो, तीही कण बसण्याआधीची. कण स्वतःचं आवरण घेऊन येतो. कण द्रवात एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वापरलेल्या सिट्रेटचं आवरण पातळ असतं, पण सीटॅब या साबणासारख्या रसायनात वाढवलेल्या कणांवर त्याचा दुहेरी थर असतो आणि तो तीनेक नॅनोमीटर जागा खातो. तुमच्या दोन बॅचपैकी एकीत शिखर कायम ६५० च्या खाली राहिलं असं तुम्ही लिहिलं आहे. ती बॅच कशात वाढवली होती ते पाहा, मला उत्तर तिथेच असेल असं वाटतं.

तिसरी गोष्ट कणाच्या आकाराची. ‘गोल’ म्हणून विकले जाणारे सोन्याचे कण खरे तर अनेक पैलूंचे स्फटिक असतात. त्यांचा एखादा सपाट पैलू आरशावर बसला तर फट एका बिंदूपुरती न राहता दहा-वीस नॅनोमीटर रुंद चपटी पोकळी होते. शिखर आणखी तांबड्याकडे जातं, आणि कधी कधी पोकळीतला पुढचा मोडही, म्हणजे डोलण्याची पुढची तऱ्हाही, दिसू लागतो, म्हणजे एकाच्या जागी दोन शिखरं. एकाच नमुन्यावर शेजारी बसलेले दोन कण वेगवेगळ्या पैलूंवर बसलेले असतात. त्यामुळे पाच-दहा निवडक कणांच्या स्पेक्ट्रमवरून काहीही ठरवू नका. मायक्रोस्कोपची मोटर आणि कॅमेरा संगणकाला जोडून काहीशे कण आपोआप मोजा आणि शिखरांच्या जागांचं वितरण काढा. त्या वितरणाची रुंदी हीच तुमच्या नमुन्याची गुणपत्रिका समजा.

आता सिम्युलेशन. तुम्ही १ नॅनोमीटरच्या फटीत ०.५ नॅनोमीटरचा मेश, म्हणजे गणितासाठी जागेचे घरांत पाडलेले तुकडे, वापरला आहे, म्हणजे जिथे सगळं घडतं त्या जागेत उभ्या दिशेला फक्त दोन घरं. तिथे उत्तर स्थिरावणं शक्यच नाही. फटीत किमान चार-पाच घरं हवीत, आणि मेश निम्मा केल्यावर शिखर पाच नॅनोमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर अजून बारीक करावा लागेल. सगळीकडे बारीक मेश ठेवला तर संगणक हात टेकेल, म्हणून फटीपुरताच बारीक भाग ठेवा आणि तो हळूहळू विरळ करत न्या. प्रकाश सरळ वरून टाकला असेल तर तोही बदला. सरळ वरून येणाऱ्या प्रकाशाचं क्षेत्र आरशाला समांतर असतं, त्यामुळे उभा मोड त्यातून फारसा जागाच होत नाही, आणि तुम्ही मोजता ती मांडणी तिरप्या प्रकाशाची आहे. सोन्याचे प्रकाशीय गुणांक जॉन्सन आणि क्रिस्टी यांच्या १९७२ च्या मोजणीतले वापरा, पण ५०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ते सॉफ्टवेअरनं नीट बसवले आहेत का ते आलेख काढून डोळ्यांनी पाहा. आरशाचा थर सीमेच्या शोषक थरातून आरपार नेलेला असावा. तो आधीच तुटला तर कडेवरून परावर्तनं येतात आणि स्पेक्ट्रममध्ये खोट्या लाटा उठतात.

हे सगळं नीट केलं आणि पैलूही धरला तर १ नॅनोमीटरपर्यंत साधं विद्युतचुंबकीय गणित तुम्हाला शिखराजवळ नेईल. त्याखाली सोनं साध्या गणितासारखं वागायचं हळूहळू सोडतं. साधं गणित पृष्ठभागावरचा सगळा भार शून्य जाडीच्या पापुद्र्यात बसवतं. खऱ्या धातूत इलेक्ट्रॉनांचा दाब असल्यामुळे भार थोडा आत पसरतो आणि क्षेत्र किती वाढू शकतं याला मर्यादा येते. ड्यूक आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या गटांनी २०१२ मध्ये कण आणि आरशाच्या याच रचनेत ही मर्यादा मोजली. अजून खाली, ०.३-०.४ नॅनोमीटरच्या आत, इलेक्ट्रॉन फट ओलांडून पलीकडे जाऊ लागतात. मग फट आणखी कमी केली की कपलिंग वाढण्याऐवजी गळतं आणि शिखर निळ्याकडे परततं. तुमची फट १.३ ची आहे, त्यामुळे या गोष्टी तुम्हाला आज छळत नाहीत. ग्राफीनचा ०.३४ नॅनोमीटरचा पडदा घ्यायचा विचार असेल तेव्हा मात्र त्या समोर येतील.

आता लेझरखाली सरकणाऱ्या शिखराकडे येऊ.

प्रकाश थांबल्यावर प्लाझ्मॉन साधारण दहा फेम्टोसेकंदांत विरतो. त्याची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांत वाटली जाते, मग काही पिकोसेकंदांत अणूंच्या कंपनात जाते, आणि नॅनोसेकंदांच्या पातळीवर कण निवून आजूबाजूच्या तापमानाला येतो. तुमचा स्पेक्ट्रोमीटर एकेक सेकंद प्रकाश साठवतो आणि शिखर मिनिटांत सरकतं. जे मिनिटांत घडतं ते इलेक्ट्रॉनांचं नाही आणि निव्वळ तापण्याचंही नाही. तापमान वाढून स्थिर व्हायला मिनिटं लागत नाहीत. उरतं ते द्रव्याचं हलणं: अणू सरकतात, रेणू तुटतात, आवरण निघून जातं.

तापण्याचा आकडाही काढून पाहू. लेझर १ चौरस मायक्रोमीटरवर एकवटला आहे, शक्ती १०० मायक्रोवॉट, आणि कणाचं शोषण क्षेत्रफळ १०,००० चौरस नॅनोमीटर धरलं, तर कण त्यातला एक टक्का, म्हणजे १ मायक्रोवॉट शोषतो. पाण्यातल्या मोकळ्या, ४० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला याने साधारण ३ अंश ताप चढतो. हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या वीसपटीहून कमी, त्यामुळे हवेतल्या मोकळ्या कणाला त्याच प्रमाणात जास्त चढेल. आरसा खालून उष्णता ओढून घेतो म्हणून तुमचा कण यांच्या मध्ये कुठेतरी असेल. समजा ३० अंश. सेंद्रिय पदार्थाचा अपवर्तनांक दर अंशाला साधारण एक दशहजारांश घटतो, म्हणजे ३० अंशांना ०.००३. त्यानं ८०० चं शिखर फार तर दीड-दोन नॅनोमीटर सरकेल, आणि तेही निळ्याकडे. तुमचं २५ नॅनोमीटर सरकलं आणि तांबड्याकडे. म्हणजे आकडा जुळत नाही आणि दिशाही उलटी आहे. ताप हे अणू हलण्याचं निमित्त असू शकतं, पण शिखर थेट तापामुळे हललेलं नाही.

दिशेकडे नेहमी लक्ष ठेवा, ती पुष्कळ बोलते. फट कमी झाली, खालचा पैलू रुंदावला किंवा फटीतला अपवर्तनांक वाढला तर शिखर तांबड्याकडे जातं. फट वाढली किंवा फटीतून वीज वाहू लागली तर निळ्याकडे. सोन्याचे पृष्ठभागावरचे अणू सामान्य तापमानालाही बरेच चंचल असतात आणि तीव्र क्षेत्राखाली कणाच्या तळाशी गोळा होतात, त्यामुळे पैलू रुंदावतो. तुमच्या निरीक्षणाचं मला सगळ्यात साधं वाटणारं कारण हेच.

तपासायचं कसं? लेझर बंद करा, कण अंधारात ठेवा, आणि लेझरच्या आधी होता तितक्याच मंद पांढऱ्या प्रकाशात परत मोजा. शिखर पूर्ण परतलं तर प्रकाशानं काहीतरी उलटवता येण्यासारखं केलं. परतलं नाही तर तुम्ही कण बदलला. दुसऱ्या एखाद्या कणावर तितकाच वेळ फक्त पांढरा दिवा ठेवा. त्याचंही शिखर सरकलं तर तुमची फट मुळातच अस्थिर आहे, लेझरचा त्यात दोष नाही. त्याच वेळी रामन स्पेक्ट्रमही नोंदवत राहा. बायफिनाइल थायॉलच्या १०८०, १२८० आणि १५८५ प्रति सेंटीमीटरच्या अरुंद रेषा जशाच्या तशा राहिल्या तर रेणू शाबूत आहेत आणि हललंय ते सोनं. त्या मावळून १३५० ते १६०० च्या पट्ट्यात रुंद उंचवटे वाढू लागले तर रेणू जळून कार्बन होतोय. तसं दिसलं की शक्ती दहापट कमी करा. अशा फटींवर सुरुवातच १० मायक्रोवॉटनं करावी, आणि तेवढ्यात सिग्नल पुरत नसेल तर शक्ती न वाढवता वेळ वाढवावा, असं माझं मत आहे.

रामनबद्दल जाता जाता एक. ६३३ च्या लेझरनं १००० ते १६०० प्रति सेंटीमीटरच्या रेषा ६७६ ते ७०४ नॅनोमीटरवर बाहेर पडतात, ७८५ च्या लेझरनं ८५२ ते ८९८ वर. तुमचं शिखर ८०० ला असताना ६३३ मध्ये येणारा आणि जाणारा, दोन्ही प्रकाश शिखराच्या एकाच बाजूला लांब पडतात. ७८५ घेतलात तर येणारा प्रकाश शिखरावर आणि जाणारा त्याच्या उतारावर येतो, म्हणून त्याच सिग्नलला खूप कमी शक्ती पुरते. रामन सिग्नल क्षेत्राच्या चौथ्या घातानं वाढतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नसतो.

आणि तुम्हाला खरोखरच प्रकाशानं कपलिंग बदलून दाखवायचं असेल, तर फटीत असं काही ठेवा ज्याला प्रकाश कळतो. निव्वळ थायॉलला तो कळत नाही. एक मार्ग पॉलिएनआयपॅम या पॉलिमरचा. पाण्यात तो ३२ अंशांच्या खाली फुगलेला असतो आणि वर गेला की पाणी टाकून आक्रसतो. कण लेझरनं तापला की पॉलिमर आक्रसतो, कण आरशाकडे ओढला जातो, शिखर तांबड्याकडे झेपावतं, आणि लेझर बंद करताच परततं. बदल मोठा आणि डोळ्यांना रंगात दिसण्याइतका असतो, पण फटही मोठी, त्यामुळे क्षेत्राची तीव्रता कमी.

दुसरा मार्ग ॲझोबेन्झीनचा, आणि तुमच्या छोट्या फटीला तोच शोभतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात हा रेणू वाकतो, त्याची दोन टोकं ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येतात, आणि ४५० च्या निळ्या प्रकाशात तो पुन्हा सरळ होतो. फटीत ०.३५ नॅनोमीटरचा फरक म्हणजे शिखरात काही दहा नॅनोमीटरचा फरक, निदान कागदावर. प्रत्यक्षात दाट थरात रेणूंना वाकायला जागाच नसते आणि काहीच घडत नाही. म्हणून ॲझोबेन्झीनचं थायॉल एकटं न लावता छोट्या अल्केन थायॉलमध्ये मिसळून विरळ लावा. मिश्रणाचं प्रमाण शोधण्यात तुमचे बरेच दिवस जातील, पण ते टाळता येत नाही. सोबत एक नियंत्रक नमुना हवाच: तेवढ्याच जाडीचा, ॲझो गट नसलेला थर, त्याच आरशावर, त्याच कणांसह. दोन्हींवर अतिनील आणि निळा प्रकाश आळीपाळीनं, पुन्हा पुन्हा टाका. ॲझोच्या नमुन्यात शिखर प्रत्येक फेरीत दोन्हीकडे हललं आणि नियंत्रकात जागेवर राहिलं, तर बदल प्रकाशानं घडवला असं लिहायला माझी हरकत नाही. दोन्हींत ते हळूहळू एकाच दिशेला सरकत राहिलं, तर ॲझोबेन्झीन नव्हे, सोनं हलतंय, आणि आधी शक्ती कमी करून ते थांबवावं लागेल.